दादाच्या जास्तीच्या खुंट्या

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी वाशिमच्या घरी तुरीची डाळ निवडत बसले होते. "ताई, मेजर चौकात पडले," पलीकडून रेखा म्हणाली. रेखा म्हणजे दादाच्या ठाण्यातली शिपाई. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला. चौकात? दादा हजेरी मेजर होता, म्हणजे ठाण्यात बसून कोणाची ड्यूटी कुठे ते लावणारा हवालदार. बाजाराच्या दिवशी, भर उन्हात गाड्या वळवत उभं राहणं हे काही त्याचं काम नव्हतं. पण माणूस कमी पडला की त्या जागी तो स्वतःचंच नाव टाकायचा, आणि माणूस तर रोजच कमी पडायचा... मी पोहोचले तोवर सगळं संपलं होतं.

प्रल्हाद माझा थोरला भाऊ. आम्ही अनसिंगचे. बाबांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून आम्हा दोघांना शिकवलं. दादा पोलिसात गेला, मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर. दरवर्षी जयंतीला आमचं सगळं घर निळ्या झेंड्यांखाली नाचत असायचं आणि हा एकटा परगावच्या मिरवणुकीपुढे दोर धरून उभा. त्याचं ठाणं आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाढत्या गावात होतं. गावाचं नाव घेत नाही, कारण घेतलं की बिचाऱ्या आत्ताच्या साहेबाला बोल लागेल, आणि साहेब तर बदलतच असतात. नवा साहेब आला की पहिले पाढे पंचावन्न. गाव मात्र थांबत नव्हतं. कामरगावला मावशीकडे निघालो की दादा वाटेत मोटरसायकल थांबवायचा, खुंट गाडलेले रिकामे प्लॉट दाखवायचा आणि विचारायचा, "बाई, पाच-सात सालानं इथं वस्ती होईन. इथून फोन आला, त मी माणूस कुठून पाठवू? गाडी कोणती पाठवू?" गाडी एकच होती. ती ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, म्हणून कायम उतारावर लावलेली.

दरवर्षी वरून विचारणा यायची, पुढे काय काय लागेल ते कळवा. दादा जीव ओतून मांडायचा. एवढे शिपाई, त्यात एवढ्या बायका, दुसरी गाडी, हेल्मेट, रेनकोट. आणि दरवर्षी वरचे त्यातलं निम्मं कापायचे. आता आमच्या कचेऱ्यांत एक रीत आहे, ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: वरचे निम्मं कापणार, म्हणून खालच्यांनी दुप्पट मागायचं. कापणाऱ्यालाही ते ठाऊक, मागणाऱ्यालाही. नोकरीभर मी हेच पाहिलं होतं. म्हणून त्याच्या मागे लागायचे.

"दादा, दुप्पट लिहीत जाय ना. कापलं तरी पुरते."

"काहून वं? लागते तेवढंच मांगीन. आज खोटं मांगतलं अन् उद्या खरंच तेवढं लागलं, त कोण मानीन?"

"शेजारच्या ठाण्याले नवी गाडी भेटली."

"भेटू दे."

संपला विषय! शेजारच्यांनी दोन मागून एक मिळवली, यानं एक मागून काहीच नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तसला माणूस. मला त्याचा अभिमान वाटायला हवा, असं शोकसभेत जो तो सांगून गेला. नाही वाटत. त्याच्या खरेपणाची किंमत त्याच्याच अंगातून वसूल झाली, आणि ज्यांनी कापलं त्यांना हे कळलंसुद्धा नाही.

एकदाच त्यानं वरच्यांना न विचारता काही केलं. ठाण्याची नवी इमारत झाली तेव्हा टोप्या-रेनकोटांसाठी भिंतीला खुंट्या ठोकायच्या होत्या. हजर होते त्यांच्या दुप्पट खुंट्या दादानं सुताराकडून ठोकून घेतल्या, कारण माणसं तेवढी लागत होती. तेव्हाचे साहेब हसले म्हणे, "मेजर, एवढ्या कशाला?" हा म्हणाला, "येतीन ना साहेब, माणसं." निम्म्या खुंट्या तेव्हापासून रिकाम्याच आहेत.

पुण्यानुमोदन झाल्यावर त्याचं सामान आणायला मी ठाण्यात गेले. रेखानं खुंटीवरून त्याचा रेनकोट काढून माझ्या हातात दिला. मी विचारलं, "त्याच्या जागी कोण येणार?"

"मागणी पाठवली, ताई."

"किती मांगतले?"

"एक." ती खाली बघत म्हणाली, "एकच माणूस गेला ना."

एक! जन्म हिशेबात गेला माझा, पण एका माणसाचं निम्मं किती होतं ते मला सांगता येईना. मला ओरडायचं होतं. ज्याच्यावर ओरडायचं तो नव्हता... मी रेखाला विचारलं, "तुले भेटला का रेनकोट?" तिनं नाही म्हणून मान हलवली. तेही निम्मेच आले होते. "मंग हा तूच घे."

तिनं तो घेतला, झटकला आणि परत त्याच खुंटीला अडकवला.

"इथंच राहू द्या, ताई. लागन तवा घालीन. तवरक एक खुंटी त भरलेली दिसन."