जाऊबाईंना माशा चावत नाहीत

माझ्या जाऊबाईंना माशा चावत नाहीत, हे वाक्य मी या घरात आले त्याच दिवशी ऐकलं आणि तेव्हापासून ते माझ्या कानात घोंघावतंय. सासूबाईंनी मला सगळं घर दाखवलं आणि शेवटी मागच्या दारात उभं करून परसातल्या मधाच्या पेट्यांकडे बोट केलं. तिथे माझी मोठी जाऊ उघड्या हातांनी, तोंडावर जाळीसुद्धा न घेता, माशांनी लडबडलेली चौकट उचलून बघत होती. "बघ," सासूबाई म्हणाल्या, "माशांना माणसाचं मन कळतं." मी कौतुकाने एक पाऊल पुढे टाकलं आणि एक माशी सरळ येऊन माझ्या भुवईला चावली.

संध्याकाळपर्यंत एक डोळा बंद. शेजारपाजारचे मला बघायला आले, त्यांना माझं अर्धंच तोंड बघायला मिळालं. मोठे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, हसत हसत मला 'फुगी' म्हणाले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. जाऊबाईंना सगळे 'राणी' म्हणायचे. आता सांगा, एकाच घरात एक राणी आणि एक फुगी. माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, जाऊबाई म्हणते. मनात ती 'ती'च आहे, म्हणून इथेही तसंच सांगते.

ती शिंप्याची मुलगी. माहेरी माशी म्हणजे जेवणाच्या ताटावर बसते ती, एवढंच ठाऊक. सासऱ्यांना मधमाश्यांचा नाद होता. ते गेले तेव्हा भावजी म्हणाले, पेट्या विकून टाकू, कोण करणार हे. ती म्हणाली, मी करीन. सुईत दोरा ओवणारे हात तिचे, कधी झटका नाही, कधी घाई नाही. चौकट उचलायची तर अशी उचलायची की माशांना वाटावं, घर आपलं आपणच वर गेलं. पेट्या वाढत गेल्या. भावजींनी नोकरी सोडली, माझा नवरा गिऱ्हाइकांकडे मध पोचवायला लागला, पुढच्या खोलीचं दुकान झालं. सगळं घर तिच्या त्या दोन हातांवर उभं आहे, हे मला मान्य आहे. मान्य आहे म्हणूनच तर जास्त झोंबतं.

मध तिचा आणि बरण्या माझ्या. धुवायच्या, वाळवायच्या, भरायच्या, झाकणं आवळायची. जड पेट्या उचलायला मीच, कारण "फुगीच्या अंगात जोर आहे". पेट्यांजवळ गेले की माशा मला चावायच्या. मनगटाला, मानेला, एकदा नाकाच्या शेंड्याला. सासूबाई लगेच म्हणायच्या, "राग आवर गं, त्यांना कळतं." म्हणजे चावलं ते चावलं, वर माझं मनही काळं! पहिल्या वर्षी हात भोपळ्यासारखा सुजायचा. मग सूज कमी होत गेली. आता माशी चावली तर मी नखाने नांगी खरवडून टाकते आणि पुढची बरणी घेते, लाल ठिपक्यापलीकडे काही होत नाही. पण कोणी म्हटलं का, की फुगी आता फुगत नाही? छे! नाव आहे तेच राहिलं.

मी तिच्याकडे बघत असायचे. सारखं. तिने वेणीची पिन बदलली तरी मला कळायचं. भावजींना विचारा, बायकोच्या कानात काय आहे, तर ते म्हणतील, कान. मला मात्र ती कधी खोटं हसते, कधी दमते, सगळं पाठ होतं. प्रेमाने नव्हे, उगाच गैरसमज नको. जळफळाटाने.

म्हणून गेल्या हंगामात सगळ्यात आधी मलाच दिसलं की ती हातमोजे घालायला लागलीय. जाळीची टोपीसुद्धा. दुकानात गिऱ्हाईक आलं की झटकन काढून ठेवायची, पेटीकडे जाताना पुन्हा चढवायची. मी म्हटलं, "काय जाऊबाई, हात गोरे ठेवायचेत वाटतं?" ती नुसती हसली. ते खोटं हसू होतं.

मग डबा. परसातल्या शेडमध्ये, माशांना धूर द्यायच्या स्मोकरमध्ये जाळायला गोणपाटाचे तुकडे ठेवतो त्यांच्यामागे तिने बिस्किटांचा एक जुना डबा लपवला होता. ती बहिणीकडे गेली होती त्या दिवशी मी तो उघडला. उघडणारच, मी काय दगड आहे? वाटलं, भावजींनी गुपचूप काहीतरी भारी आणून दिलं असणार. आत निघालं एक जाडजूड पेन, त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं, आणि बाजूला चित्रं: टोपण काढा, मांडीवर दाबा, थोडा वेळ तसंच धरून ठेवा, मग पाय वर करून पडा.

मांडीवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीच ही बया इतकी सडसडीत! बारीक व्हायचं इंजेक्शन घेते आणि आम्हाला सांगते, "अगं, कामाने होतं." मी ते पेन हातात घेतलं, माझ्या भरल्या मांडीवर टेकवून पाहिलं. टोपण काढायला बोटंसुद्धा गेली होती. पण वापरलेलं तिला कळलं असतं आणि मग मला ते हसू बघावं लागलं असतं. मी ते जसंच्या तसं ठेवलं आणि महिनाभर माझा भात निम्मा केला. काही उपयोग झाला नाही.

या हंगामात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. 'जिला माशा चावत नाहीत ती बाई' असं छापायचं होतं म्हणे. सासूबाईंनी नवी साडी नेसली, भावजींनी दाढी केली. मला पेटी उचलून उजेडात ठेवायला सांगितलं आणि मग बाजूला व्हायला सांगितलं. आभाळ भरून आलेलं होतं, माशा करवादलेल्या होत्या, त्यांचा आवाजच वेगळा येत होता.

"मोजे काढा ना," फोटोवाला म्हणाला. "टोपीपण. तीच तर गंमत आहे."

ती थांबली. क्षणभरच, पण मी बघत होते. भावजी म्हणाले, "अगं काढ, लाजतेस काय?" सासूबाई म्हणाल्या, "तिला काय होतंय!" मला वाटलं, भाव खातेय. तिने मोजे काढले, टोपी काढली, चौकट उचलली आणि हसली. फोटोवाला वाकून वाकून फोटो काढायला लागला. मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, चाव गं एखादी, एकदा तरी चाव.

आणि चावली. मनगटावर, आतल्या बाजूला. तिने नांगी खरवडली, चौकट अलगद परत ठेवली आणि म्हणाली, "झालं ना?" सगळे हसले. "राणीला पण चावली!" भावजी ओरडले. मीसुद्धा हसले, अगदी मनापासून.

मग मी पाहिलं, ती तळहात ॲप्रनला घासतेय. आधी एक, मग दोन्ही. तिच्या गळ्यावर लाल चट्टे चढत होते. खालचा ओठ जाड दिसायला लागला होता आणि तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा आला. मला चावल्यावर असं कधीच झालं नव्हतं. माझं चावल्या जागी सुजायचं. हिचं चावलं मनगटाला आणि सुजत होता ओठ.

"हिला काहीतरी होतंय," मी म्हटलं.

"ऊन लागलं असेल," भावजी म्हणाले. आभाळ भरलेलं, आणि म्हणे ऊन! ती खाली बसली, मग कलंडली. सासूबाई म्हणाल्या, "उठवा, जरा चालवा, बरं वाटेल." माझा नवरा पाणी आणायला धावला. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. तिने त्या सगळ्यांमधून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डबा."

"कसला डबा?" भावजी गोंधळले. "मधाचा?"

मी तोवर शेडमध्ये होते. पळता पळताच डोक्यात लख्ख झालं: मरायला टेकलेली बाई बारीक व्हायचं इंजेक्शन कशाला मागेल? आणि दुसऱ्याच पावलाला घाम फुटला, की त्या दिवशी मी ते टोपण काढलं असतं तर? गोणपाट उधळलं, डबा उघडला, पेन होतं. परत येऊन टोपण काढलं आणि कपड्यावरूनच तिच्या मांडीत दाबलं, चित्रात होतं तसं. "काय करतेस तू!" भावजींनी माझा दंड धरला. "सोडा!" मी अशी ओरडले की त्यांनी सोडला. "गाडी बोलवा! आणि कोणी हिला उठवायचं नाही. झोपू दे, पाय वर करा."

पाय वर करायचं मला कोणी शिकवलं नव्हतं, तेही त्या चित्रांतच होतं. फोटोवाला कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून गाडी बोलवायला धावला. ती शिट्टी हळूहळू कमी झाली. तिने माझी करंगळी धरली होती आणि मी तिच्या ओठाकडे बघत बसले होते, तो आणखी वाढतोय की उतरतोय.

रुग्णालयात तिला रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई भावजींवर भडकल्या. गेल्या हंगामात एक माशी चावल्यावर ही अशीच लाल होऊन त्यांच्याकडे आली होती, बहिणीकडे जाते सांगून. त्यांनी बजावलं होतं, पेट्या सोड, नाहीतर उपचार घे, आणि तोवर हे पेन सोबत ठेव. हिने पेन तेवढं ठेवलं.

"पण तिला तर माशा चावतच नाहीत!" सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा चावून घेणाऱ्यांचं शरीर बहुधा सरावतं. क्वचित कधीतरी चावते ना, तिथे असा धोका जास्त असतो." त्यांनी माझ्या ठिपक्याठिपक्यांच्या हातांकडे बघितलं. "यांच्यासारखे हात असते तर कदाचित हे टळलं असतं. पण भरवसा कोणाचाच नसतो हं, तुम्हीही एक पेन जवळ ठेवा."

पेट्या माझ्याकडे आल्या. दुसरं होतं कोण? जाऊबाईंना मागच्या दाराला जाळी लावून आत बसवलं. वर्तमानपत्रात तिचा मोठा फोटो आला आणि कडेला माझं एक कोपर. तरीही खरं सांगते, मी सुखात होते. सकाळी टोपी घालून परसात उतरायची आणि वाटायचं, माझं आहे हे सगळं. हात शिकत होते. भावजीसुद्धा एकदा म्हणाले, "फुगी, जमतंय गं तुला."

एक दिवस चौकट ठेवताना माशी मोज्याच्या वर चावली. मी नांगी खरवडली. जाळीमागून आवाज आला, "चावली?"

"हो."

"काही होतंय?"

"काय होणार? जरा खाजतंय."

मी वळून बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, त्या लाल ठिपक्याकडे, आणि तिचे डोळे भरले होते. "किती नशीबवान आहेस गं," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. असं बघणं मी चांगलं ओळखते, इतकी वर्षं मीच तर करत आले.

तिने माझ्यावर जळावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. मिळालं. आणि हातातली चौकट घेऊन मी तशीच उभी राहिले.

उपचार लांबलचक आहेत, काही वर्षं चालतील. दर आठवड्याला माशीचंच विष टोचायचं, आधी थेंबाचाही अंश, मग वाढवत न्यायचं, नंतर महिन्याने. साधलं तर ती पुन्हा पेट्यांवर जाऊ शकेल, म्हणाल्या बाई. म्हणजे मी परत बरण्यांवर. ती भीतीने दवाखान्यात जायचं टाळत होती. भावजी म्हणत, "कशाला ती कटकट, आता फुगी बघतेय ना." मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

सोमवारी मी तिच्या चपला काढून दारात ठेवल्या. "चला."

"तू कशाला? हे येतील सोबत."

"टोचल्यावर तिथे अर्धा तास बसवतात, चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघायला," मी म्हटलं. "भावजी पेपर वाचत बसतील. तुमचा चेहरा बघायची सवय या घरात मला एकटीलाच आहे. उठा आता, जास्त भाव खाऊ नका."