मर्यादेची जागा

तंजावुरात बसून घोड्यांची शर्यत बघायला चांगला बार कुठला, असं मला कुणी दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेल्या वर्षी माझ्या मित्राने विचारलं आणि मी ते काम अंगावर घेतलं. कुणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं. मीच पुढं झालो, कारण कुठलीही गोष्ट मी केली म्हणजे नीट होते, असा माझा समज होता.

आम्ही तिघं राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एकत्र वाढलेले, तिघंही घरी मराठी बोलणारे. मी शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. दुसऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तिसरा, ज्याची ही गोष्ट आहे, तो आमच्यात धाकटा, अजून गुरांच्या सरकारी दवाखान्यात काम करतो. मोपेडला औषधांची पेटी बांधून कावेरीच्या कालव्यांवरून गावोगाव फिरतो, गाईम्हशींना इंजेक्शनं देतो. तो अंगाने किरकोळ आहे आणि बोलतोही कमी.

त्याची मुलगी नऊ वर्षांची असताना एकदा त्याच्या मागं बसून पापनाशमला गेली. तिथं एकाने लग्नाच्या वरातीसाठी दोन घोडे पाळले होते आणि त्यातल्या एकाच्या पोटात दुखत होतं. बाप आजारी घोड्याला औषध पाजतो आहे तोवर ही पोरगी धडधाकट घोड्यावर चढून बसली. पुढं दर रविवारी तिला तिकडं न्यावं लागायचं. अठराव्या वर्षी ती पुण्याला गेली, शर्यतीच्या घोड्यांवर बसायला शिकायला. तिची आई आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. मी मात्र म्हणालो, साडेतीनशे वर्षांपूर्वी आपली माणसं तिकडून घोड्यावर बसून इकडं आली, तशीच परत जाणारी ही पहिली. त्याला हे एवढं आवडलं की पुढं वर्षभर तो ते स्वतःचं म्हणून सगळ्यांना सांगत होता.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. पहिली शर्यत ठरली होती. रविवारी दुपारी साडेतीनला, सहा नंबरचा घोडा. याला पुण्याला जायचं होतं, पण तिनेच बजावलं, ‘अप्पा, तुम्ही समोर असलात तर मी तुमच्याकडंच बघत बसेन. येऊ नका.’ घरी टीव्हीवर लावायची सोय नव्हती, कारण बायको म्हणाली, माझ्यासमोर ते लावायचं नाही, माझा जीव जाईल.

‘आन घरी ओरडता येत नाही,’ तो आम्हाला म्हणाला. ‘पुण्यात लोक पबात बसून मोठ्या टीव्हीवर बघतात म्हणे, मोठमोठ्यानं ओरडतात. मज पण ओरडायचं आहे, डा. आपण तिघं बसू, ग्लास समोर ठेवू, आन ओरडू.’

डा म्हणजे तमिळमधलं ‘अरे’. या माणसाला मी कधी मोठ्याने हाक मारतानाही ऐकलं नव्हतं. पैसेबिसे लावायचे नव्हते. त्याला फक्त मुलगी धावताना बघायची होती आणि ओरडायचं होतं. ‘जागा मी बघतो,’ मी म्हणालो, ‘पण मर्यादेची जागा होणं.’

आमच्या तोंडी होणं म्हणजे पाहिजे, आणि मर्याद म्हणजे मान. शब्द मराठी असला तरी हा अर्थ आमच्याकडं तमिळमधून आला. पुण्यातल्या एका लग्नात मी यजमानांना म्हणालो होतो, ‘तुम्ही आम्हाला फार मर्याद दिलीत.’ ते बिचारे कावरेबावरे होऊन विचारायला लागले, काही कमी पडलं का? तेव्हा मी खूप हसलो होतो. अजूनही कुणी आमच्या मराठीची चेष्टा करायला लागलं की मी हा किस्सा सांगतो.

तर मर्यादेची जागा. अर्ध्या गावाला मी त्रिकोण शिकवले. बसमध्ये, बँकेत, इस्पितळात कुणीतरी उठून ‘सार’ म्हणतं आणि बसायला जागा देतं. मी वर्षातून दोनदा बिअर पितो, तीही बंगळूरला साडूच्या घरी, दार लावून. असा माणूस इथल्या बारमध्ये शिरणार म्हणजे जागा तशीच हवी.

दुकानवाल्या मित्राने दुसऱ्याच दिवशी जागा शोधली होती. जुन्या बसस्टँडजवळच्या एका लॉजचा वरच्या मजल्यावरचा बार. टीव्ही ह्याच्याच दुकानातून गेलेला, इंटरनेट चालू, आणि मालक म्हणाला, हवं तेवढं ओरडा. मी बघायला गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, दारातच हात धुवायचं बेसिन, आणि दुपारी एक वाजता कोपऱ्यातल्या टेबलावर एक गृहस्थ डोकं टेकून झोपलेले. मी नाक मुरडून खाली उतरलो. ‘तुझं काय बिघडतंय?’ दुकानवाला चिडला. ‘घोडा काय खुर्च्या बघून धावणार आहे?’ मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही.

मग मी स्वतः हिंडलो. एका क्लबात सभासदांनाच प्रवेश होता, आणि सेक्रेटरी म्हणजे माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. हायवेवरच्या बारमध्ये इतका अंधार की वेटरचा चेहरा दिसेना. त्याला घोड्यांची शर्यत म्हटलं तर म्हणाला, क्रिकेट लागतं सार, घोडं लागत नाही. तोही सार म्हणाला, तसा मी घाईघाईने बाहेर पडलो.

शेवटी तिरुच्ची रस्त्यावरचं मोठं हॉटेल पसंत केलं. सोफे, गारवा, काउंटरवर उलटे टांगलेले लखलखीत ग्लास. तिथला माणूस म्हणाला, रविवारी दुपारी कुणी नसतं, पाहिजे ते लावून देऊ. मी मित्राला फोन करून कळवलं. त्याने एकच विचारलं, ‘तिथं ओरडता येईल नं?’

‘येईल की,’ मी म्हणालो. खरं म्हणजे मी काउंटरवाल्याला ते विचारलंच नव्हतं. त्या गारव्यात विचारायची लाज वाटली.

रविवारी तो जरीकाठी वेष्टी नेसून आला, लग्नाला निघाल्यासारखा. दुकानवाल्याने फोन टीव्हीला जोडला. आमच्यासमोर तीन ग्लास आले. साडेतीनला दहा मिनिटं असताना पडद्यावर पुण्याचं मैदान आलं, पावसाने भिजलेलं, हिरवंगार. घोडे गोल फिरत होते. सहा नंबर समोरून गेला. वर जांभळ्या टोपीतली एक बारकी आकृती, पाठ ताठ.

‘ती! ती बघ!’ तो अर्धवट उठला. हातातली बिअर वेष्टीवर सांडली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

आणि मागून आवाज आला, ‘सार!’

हॉटेलचा मॅनेजर होता. माझा जुना विद्यार्थी, दहावीचा. सूटबूट घातलेला तो माणूस धावत आला आणि तिथंच, त्या बारमध्ये, माझ्या पाया पडायला वाकला. मी माझा ग्लास दुकानवाल्याकडं सरकवला. आजही ते आठवलं की हात पोळल्यासारखा वाटतो. मॅनेजरने वर बघितलं. आधी ग्लास, मग पडदा, मग मी. घोडे बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सोसलं नाही. ‘काय बघताय सार?’ त्याने तमिळमध्ये विचारलं.

खरं सांगायला काय झालं होतं? माझ्या मित्राची मुलगी धावते आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्या पोराने आनंदाने सगळं हॉटेल गोळा करून आणलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, ‘काही नाही रे. जेवायला आलो होतो, चुकून इकडं शिरलो.’

‘तेच म्हटलं,’ तो सुटल्यासारखा हसला. ‘ही तुमच्या मर्यादेची जागा नाही, सार. वर फॅमिली हॉल आहे, चला.’ आणि माझं कोपर धरलं.

मित्र अजून उभाच होता. मी त्याला मराठीत म्हणालो, म्हणजे मॅनेजरला कळणार नाही, ‘चल, दोन मिनिटं. वर गेल्यावर मोबाइलवर बघू.’ त्याने पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि आला. तो न येता तर बरं झालं असतं. पण चारचौघांत त्याने मला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाडलं नाही.

वर मॅनेजरने आम्हाला खिडकीशी बसवलं, आमच्यासाठी आइस्क्रीम मागवलं आणि त्याच्या वर्गातले कोण कोण कुठं आहेत ते सांगायला लागला. मी माना डोलावत होतो. दुकानवाला टेबलाखाली फोन धरून झगडत होता. पडद्यावर ते लहान चक्र नुसतं फिरत होतं. मित्राने हात मांडीवर ठेवले होते आणि तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता. काटा साडेतीनवर आला, पुढं सरकला. अशी शर्यत सव्वा मिनिटाची असते. चित्र आलं तेव्हा घोड्यांचा वेग उतरला होता, एकेक जण मागं वळत होता. जांभळी टोपी दिसली, घोड्यावरच होती.

‘संपली,’ दुकानवाला हळूच म्हणाला. ‘चौथी आली.’

‘काय झालं, सार?’ मॅनेजरने विचारलं.

‘क्रिकेट संपलं,’ मी म्हणालो.

पाचेक मिनिटांत मित्राचा फोन वाजला. तो उठून जिन्याशी गेला, पण हॉल रिकामा असल्याने सगळं ऐकू येत होतं. ‘पाहिलं गे,’ तो म्हणत होता. ‘होय होय, ओरडलो की. सगळे बघायला लागले. वळणावर? वळणावर फार छान होतीस.’ मग तो परत आला आणि फोन माझ्यापुढं धरला.

‘मामा,’ ती धापा टाकतच बोलत होती, ‘जागा चांगली मिळाली नं?’

‘मिळाली,’ मी म्हणालो.

त्याबद्दल तो मला एका शब्दानेही बोलला नाही. भांडला असता तर मी वाद घातला असता, मला ते येतं. मुलगी त्यानंतरही तीन-चार वेळा धावली. तो बघतो, हे दुकानवाल्याकडून कळतं. कुठं बसून बघतो ते त्याने मला सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. शनिवारी आम्ही पूर्वीसारखे कॉफी प्यायला जमतो. घोड्यांचा विषय निघत नाही.

महिनाभराने न राहवून मी एका सकाळी त्याच्यासोबत मोपेडवर मागं बसून एका गावाला गेलो. म्हैस अडली होती. त्याने दंडापर्यंत हात घालून पारडू बाहेर काढलं, मग कालव्याच्या पायरीवर बसून साबणाने हात धुतले. मी शेजारी बसलो. त्या शर्यतीचं चित्रण मी दुकानवाल्याकडून माझ्या फोनवर घेऊन ठेवलं होतं. ‘सगळी आहे,’ मी म्हणालो, ‘सुरुवातीपासून. बघ.’

त्याने फोनकडं पाहिलंही नाही. ‘नको.’

‘का रे? तुझीच पोर आहे.’

तो नखांतला मळ काढत बसला. मग म्हणाला, ‘सुटायच्या आधी तिचे हात कापत होते म्हणे. मागून सांगितलं तिनं. ती भ्याली होती तेव्हा मज पण भ्यायचं होतं, डा. तिच्या बरोबर. ती पडली नाही हे आता ठाऊक आहे. आता बघून भीती कुठून आणू?’

मी फोन खिशात घातला. चालू करायचा विचारही आता नकोसा वाटला.

‘चुकलं माझं,’ मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मी त्याच्या बाबतीत चुका काही कमी केल्या नाहीत. त्याच्या लग्नाच्या मुहूर्ताला उशिरा पोचलो, त्याची मोपेड एकदा कालव्यात घातली. दर वेळी तो तमिळमध्ये म्हणायचा, ‘परवायिल्लै’, म्हणजे असू दे, काही बिघडलं नाही. मी त्या शब्दाची वाट बघत बसलो. त्याने हात पुसले, पेटी मिटली, ती उचलली.

‘होय,’ तो म्हणाला. ‘चुकलं.’