बसस्टँडसमोर, दिग्रस

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या. त्याच आठवड्यात दिग्रसमधल्या एका आजोबांनी आमच्या केबल चॅनलच्या चालू कार्यक्रमात फोन केला आणि घरचं कनेक्शन कापून टाकायला सांगितलं. त्यांची सहा वर्षांची नात दिवसभर टीव्ही लावून ठेवत होती.

कार्यक्रम त्याच विषयावर होता: मुलं आणि टीव्ही. यवतमाळहून एक बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. फोन मी घेत होते. यवतमाळच्या एका दैनिकात डेस्कवर बरीच वर्षं काम करून मी दिग्रसला परत आले. तेव्हापासून या चॅनलच्या संध्याकाळच्या बातम्या माझ्याकडे आहेत. चॅनल म्हणजे दोन खोल्या, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर आणि मालक दिलीपभाऊ.

"मुनाफ बोलतो. मोटार रिवाइंडिंगवाला," फोनवरचा आवाज म्हणाला. "टीव्ही पाहू नका हे तुमी टीव्हीवरच सांगून राह्यले, मॅडम. म्हणूनच पोरगी ऐकत नाही."

"काय बघते ती? कार्टून?"

"कार्टून असतं तर समजलो असतो. तुमचं चॅनल पाह्यते. सकाळपासून. दुसरं लावलं का रडते. अभ्यास नाही, जेवण समोर ठेवलं तसंच. सहा वर्साची पोरगी तुरीचे भाव ऐकते, अब क्या बोलू."

दिलीपभाऊ काचेपलीकडे हसले. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. "चाचा, कनेक्शन कापण्याआधी तिच्या शेजारी बसा," त्या म्हणाल्या. "नेमकं काय बघते ते आधी कळू द्या. किती वेळ बघायचं, हे त्यानंतर."

"मी शेजारी बसलो तर मोटारी कोण भरीन? तुमी?"

जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळण्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. हंगाम ओलिताचा होता. मुनाफचाचांच्या दुकानात मोटारींची रांग होती. तरी रविवारपर्यंत थांबायला ते कबूल झाले. त्यानंतर कनेक्शन बंद.

पुढच्या भागासाठी या घरात जाऊन शूट करावं असं ठरलं. शनिवारी दुपारी मी गेले. दुकान पुढे, घर मागे. नातीचं नाव झोया. तिची आई रुखसाना पुण्याला एका हॉस्पिटलच्या फोन डेस्कवर नोकरीला होती आणि बायकांच्या हॉस्टेलवर राहत होती. उन्हाळ्यात गेली होती. वडील ट्रकवर, आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी. झोया आजी-आजोबांकडे.

टीव्ही चालू होता. झोया टीव्हीकडे पाठ करून बसली होती. दुकानातल्या टाकाऊ तारेच्या बांगड्या वळत होती. पडद्यावर पालिकेची नळाची सूचना होऊन गेली, लग्नाच्या हॉलची जाहिरात होऊन गेली, तिनं मान वळवली नाही.

"ही टीव्ही बघत नाहीये, चाचा," मी म्हणाले.

"मंग कायले लावते? बंद करून पाहा, घर डोक्यावर घेते."

मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. बराच वेळ काही घडलं नाही. मग मोटारपंपाची एक जाहिरात आली. कंपनीची, मुंबईत तयार झालेली. शेवटी पडदा निळा झाला, त्यावर स्थानिक दुकानाचं नाव आलं आणि एका बाईचा आवाज आला. शेवटचे शब्द होते, "आजच भेट द्या. बसस्टँडसमोर, दिग्रस."

झोयाच्या हातातली तार थांबली होती. आवाजाबरोबर तिचे ओठ हलत होते. जाहिरात संपली, तिनं पुन्हा तार उचलली.

"कोण बोललं गं?" मी विचारलं.

"अम्मी."

मुनाफचाचा दारात उभे होते. ते म्हणाले, "काय?"

याला आमच्या धंद्यात डीलर टॅग म्हणतात. कंपनी सगळीकडे एकच जाहिरात पाठवते आणि शेवटी काही सेकंद मोकळे ठेवते. त्यात गावातल्या दुकानदाराचं नाव-पत्ता इथं बोलून भरतात. रुखसाना लग्नाआधी पुसदच्या कॉलेजात मराठी शिकलेली. मी यायच्या आधी ती आमच्या चॅनलसाठी असे टॅग आणि सूचना वाचून देत असे. बाकीचे टॅग बदलले गेले. हा एक राहिला, कारण दुकानाचा पत्ता बदलला नव्हता.

घरात रुखसाना हिंदी किंवा वऱ्हाडी बोलायची. जाहिरातीतलं स्वच्छ, संथ मराठी सासरी कुणी तिचं म्हणून ऐकलंच नव्हतं. झोयानं ऐकलं होतं. आई स्वयंपाक करताना ते वाक्य पुनःपुन्हा म्हणून बघायची, तेव्हा ती तिथंच असायची.

दिवसभर टीव्ही का, याचं उत्तर दिलीपभाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ही जाहिरात फिरती होती. फिरती म्हणजे तिला ठरलेली वेळ नाही. दोन कार्यक्रमांच्या मध्ये जिथं जागा राहील तिथं मशीन ती घालतं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवसात दोनदा. आवाज हवा असेल तर टीव्ही बंद करता येत नव्हता.

मी पहिल्यांदा सोपा उपाय केला. टॅग मुनाफचाचांच्या मोबाइलवर पाठवला. पाहिजे तेव्हा लावा, टीव्ही बंद ठेवा. दुसऱ्याच दिवशी चाचा ऑफिसात आले.

"नाही चालत," ते म्हणाले. "एकदा ऐकलं आन् मोबाइल परत देल्ला."

"का?"

"म्हणते, मोबाइलमधली अम्मी तुमी लावली का बोलते. टीव्हीतली आपल्या मनानं येते." ते खुर्चीवर बसले. "रविवारचा फोन तर घेतच नाही ती. आई पुसते जेवली का, अभ्यास केला का, आन् रडते. हे पळून जाते."

रविवार होता. त्यांनी कनेक्शन कापायचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आता टॅगला ठरलेली वेळ द्यायची होती. वेळ ठरली की बाकीचा दिवस मोकळा होतो. डॉक्टर मॅडमना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं: वेळ एक ठेवा, तिच्याबरोबर घरातलं एक मोठं माणूस बसू द्या, आणि संपल्यावर बंद करायचं बटण तिच्याच हाती द्या. दिलीपभाऊ म्हणाले, "जाहिरात दुकानदाराची आहे. त्याला विचारा."

दुकानदार अशोकभाऊ काउंटरवर होते. बातम्या संपल्या की लगेच जाहिरात लागेल, शेतकरी तेव्हा घरी असतो, असं मी सांगितलं. ते खूश झाले. मग म्हणाले, "पण टॅग नवीन करा लागते. महिनाअखेरीस दुकान दारव्हा रोडवर नेऊन राह्यलो. आन् यावेळी माणसाचा आवाज घ्या. दमदार."

मी त्यांना झोयाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"मुनाफची नात? तारेच्या बांगड्या घालते ते?"

"हो."

"ते येते इथं. शाळा सुटली का येते, त्या पाइपांपाशी उभी राह्यते. आत पाह्यते आन् जाते. मले वाटे आजोबानं पाठवली, भराले मोटार आली का पाहाले. मी म्हणो, सांग आजोबाले उद्या ये."

दुकान बसस्टँडसमोर होतं. आवाज रोज तेच सांगत होता.

"मॅडम," अशोकभाऊ म्हणाले, "तिच्या आईच्या आवाजात नवा पत्ता देल्ला, तर पोरगी दारव्हा रोडवर येईन. कापसाच्या गाड्या भरधाव चालतात तिथं. मले नाही पाहिजे तो आवाज."

त्यांचं बरोबर होतं. आवाज बदलला तर झोयाचा आधार जाणार होता. ठेवला तर ती हायवेवर जाणार होती. मार्ग काढायला त्यांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली.

मी चाचांना सांगितलं, झोयाला ऑफिसात घेऊन या. ते तिला स्कूटरवर पुढे उभं करून घेऊन आले. दिलीपभाऊंनी खुर्ची वर केली आणि तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. टॅग उघडला. पडद्यावर हिरव्या रेघांचा एक पट्टा आला, मध्ये जाड, कडेला बारीक.

"अम्मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"ही हिरवी," दिलीपभाऊ म्हणाले. "हा तिचा आवाज. ती आली, बोलली, गेली. आवाज ठेवून गेली. आम्ही तो रोज लावतो."

"तुमी लावता?"

"मी लावतो. हे बटण."

"मंग ते आपल्या मनानं नाही येत?"

दिलीपभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही. अम्मी पुण्यात आहे."

"दुकानात नाही?"

"नाही."

तिनं पडद्यावरच्या जाड भागाला बोट लावलं. "इथं काय म्हणते?"

दिलीपभाऊंनी तेवढंच वाजवलं. दिग्रस. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. त्यांनी पुन्हा लावलं. मुनाफचाचा बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले.

नंतरचे दोन दिवस झोया दुकानापाशी गेली नाही, तेव्हा अशोकभाऊ तिच्या आईच्याच आवाजाला तयार झाले. त्या संध्याकाळी मी रुखसानाला फोन केला. तोपर्यंत तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी घटना क्रमानं सांगितली. ती म्हणाली, "दुकानात जाऊन उभी राहायची?"

"आता जात नाही. अशोकभाऊंनी सांगितलं."

"कोणती फ्रॉक घालते सध्या, मॅडम? लाल बसते का तिले अजून?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. मग नव्या टॅगचा मजकूर वाचून दाखवला.

"शेवटी तिचं नाव घेता येत नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही. जाहिरात दुकानदाराची आहे."

"माहीत आहे. मीच वाचत होती ना तुमच्याकडं. विचारून पाह्यलं."

तिनं टॅग मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. पहिल्यात हॉस्टेलचा पंखा ऐकू येत होता. दुसरा पांघरुणात तोंड घालून घेतला होता. तो स्वच्छ होता. अशोकभाऊंनी दुकानात उभ्या उभ्या ऐकला आणि म्हणाले, "ठीक आहे. दमदार नाही, पण पत्ता समजते." दुकान हललं त्या दिवशी त्यांनी झोयाला आणि चाचांना नव्या जागेवर बोलावून चहा पाजला. झोयानं गोदामापर्यंत सगळं बघितलं. तिथून परत येताना तिनं काही विचारलं नाही, असं चाचा म्हणाले.

टॅग बातम्यांनंतर, साडेसातला लागू लागला. सुरुवातीला ती शाळेतून आली की टीव्ही लावायची. वेळेवर तिचा विश्वास नव्हता. आजी म्हणायची, "अभी नहीं आती, साढ़े सात को आती." हळूहळू टीव्ही उशिरा लागू लागला. मधल्या वेळात ती अंगणात दिसायची, कधी दुकानात आजोबांना तार सोडवून द्यायची. आठवड्याभरानं पाढे सुरू झाले, म्हणजे चाचांच्या म्हणण्याप्रमाणे, "ओरडणं तेवढंच, पण पाढ्याचं."

एकदा घडी मोडली. पालिकेच्या सभेत गोंधळ झाला आणि मी ती बातमी लांबवली. बातम्या उशिरा संपल्या. मशीननं टॅग गाळून थेट पुढचा कार्यक्रम लावला. लगेच चाचांचा फोन आला.

"मॅडम, आज नाही आली. पोरगी टीव्ही बंद करू देत नाही."

दिलीपभाऊंनी चालू कार्यक्रम थांबवून टॅग लावला. तसं करायची पद्धत नाही. तेव्हापासून माझ्या बातम्या साडेसातच्या आत संपतात. एखादी बातमी उरली तर ती दुसऱ्या दिवशी जाते.

मुलं आणि टीव्ही या कार्यक्रमाचा दुसरा भाग प्रसारित झाला. त्यात झोयाचं नाव किंवा चित्र नव्हतं. मुनाफचाचांनी फोन करून एवढंच सांगितलं, की शेजारी बसा. ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांनीही बसा.

रमजान ईदला रुखसाना रजा घेऊन आली. ती होती तेवढे दिवस टॅग रोज साडेसातला लागला. त्या घरी टीव्ही बंद होता. चाचांनी मला शीरखुर्म्याला बोलावलं तेव्हा टीव्हीवर कापड टाकलेलं होतं आणि झोया आईच्या मांडीवर बसून तिच्या हातात तारेच्या बांगड्या चढवत होती. बांगड्या लहान होत्या. एकही मनगटापर्यंत गेली नाही.

रजा संपली. रुखसाना संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली. बसस्टँडसमोर झोयानं तिला सोडलं. अशोकभाऊंच्या जुन्या दुकानात आता चपलांचं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी बातम्या वेळेत संपल्या. टॅग साडेसातला लागला. त्यानंतर मी चाचांना फोन केला.

"लावला होता?"

"सव्वासातले लावला. मी बाजूले बसलो होतो."

"आता?"

"बंद केला तिनं. पाढे म्हणून राह्यली."