पानाखालच्या दोन सह्या

नवी पेन्सिल हातात आली, की बाई आधी तिच्या मागचा खोडरबर चाकूने कापून टाकत. मग टोक काढत आणि मैदानाकडे बघत विचारत, "तू काय पाहिलंस?"

सामना अजून सुरूही झालेला नसे. "काहीच नाही," मी म्हणे.

"उत्तम. मग आपण तयार आहोत."

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमची आई तेव्हा चार वर्षांची होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात, कागदाच्या गिरणीत तुमच्या आजोबांना नोकरी लागली होती. तूरडाळ हवी असली तर स्टेट कॉलेज नावाच्या शहरापर्यंत दोन तास ड्राइव्ह करायचं, आणि तिथेही ती मिळेलच असं नाही. माझ्याकडे इंग्रजीची एम.ए. होती आणि दिवसभर बोलायला चार वर्षांची मुलगी.

त्या वर्षी गावाला बेसबॉलचा एक संघ मिळाला. मोठ्या संघात जाण्याची आशा धरून तरुण खेळाडू जिथे घाम गाळतात, तशा खालच्या पायरीवरचा. तो दोनच उन्हाळे टिकला. पण त्या दोन उन्हाळ्यांत गावातलं कुत्रंसुद्धा घरी नसे.

मी लेकीला घेऊन बाकावर बसे. लहानपणी पुण्यात भावाच्या क्रिकेट क्लबचं स्कोअरबुक मी लिहीत असे, त्यामुळे हात स्वस्थ बसेना. एका जुन्या पाकिटावर रकाने आखून मी मला समजेल तसा सामना उतरवत होते. मागून आवाज आला, "हे सगळं चूक आहे. पण अक्षर चांगलं आहे. उद्या वर ये."

वर म्हणजे लाकडी खोपटात, जिथून संघाचं अधिकृत स्कोअरबुक लिहिलं जाई. बाई गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्धं गाव त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्या निर्णयावर कोणी कुरकुरलं, की त्या खाली वाकून म्हणत, "तुझं स्पेलिंगही असंच होतं."

फटका चांगला होता की क्षेत्ररक्षक चुकला, हे स्कोअररने ठरवायचं. फटका चांगला असेल तर 'हिट', अडवता येण्याजोगा चेंडू क्षेत्ररक्षकाने सोडला असेल तर 'एरर'. संघाचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरी राहत. बाईंच्या माडीवरच्या खोलीत एक उंच, लाजरा टेक्सन राहत असे. त्याच्या नावावर बाई बिनदिक्कत एरर लिहीत आणि संध्याकाळी त्यालाच जेवायला वाढत.

"बाई, चेंडू वेडावाकडा उसळला होता हो!" तो ताटावरून म्हणे.

"एरर वेगळी, बटाटे वेगळे. घे अजून."

सामना संपला, की पानाच्या तळाशी आधी त्यांची सही, मग माझी. "दोघींनी पाहिलं, दोघींनी सही करायची," त्या म्हणत. त्या परक्या गावात माझं नाव लिहायला तेवढीच एक जागा होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाईंचा चष्मा जाड झाला. लांबचा चेंडू गेला, की त्या हळूच विचारत, "तू काय पाहिलंस?" पहिल्या वर्षी ती माझी परीक्षा होती. आता ती गरज होती. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

मग संघ विकला गेला. शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. आमच्या गोलंदाजाला नवापैकी आठव्या डावापर्यंत कोणी एकही हिट मारू शकलं नव्हतं. असा सामना लोक जन्मभर सांगतात. जाणाऱ्या संघाकडून गावाला एवढंच मिळणार होतं.

तेवढ्यात एक सणसणीत फटका आला. टेक्सनने अंग झोकून दिलं, पण चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाला लागून पलीकडे गेला. एरर दिली तर विक्रम शाबूत. हिट दिली तर संपला. सगळं मैदान मान वळवून आमच्या खोपटाकडे बघायला लागलं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तू काय पाहिलंस?"

"त्याने जिवाचं रान केलं. तो चेंडू कोणालाच अडवता आला नसता."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बटण दाबलं. फलकावर हिटचा दिवा लागला आणि खालून आरडाओरडा सुरू झाला. "घरातल्याला वाचवलंत, बाई!" कोणीतरी ओरडलं. बाई शांतपणे पेन्सिलला टोक काढत राहिल्या.

सामना संपल्यावर मी सहीसाठी हात पुढे केला. बाईंनी वही मिटली. "तू नीघ. नवरा गाडीत थांबलाय."

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "दोन वर्षं सही घेतली, आणि शेवटच्या दिवशी परकं केलं."

"विसरल्या असतील."

"बाई? आणि विसरतील?"

दोन दिवसांनी बेकरीत रांगेत उभी होते. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "तुम्ही तर शेजारीच होता. तुम्ही काय पाहिलंत?" मी तोंड उघडणार, तोच मागून बाईंनी पावाची पिशवी माझ्या हातात कोंबली. "हे धर, जड आहे." मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तिला काय विचारतोस? दिवा मी लावला."

त्या हिवाळ्यात बाईंच्या दारातला बर्फ काढायला नेहमीचं कोणी आलं नाही. तुमचे आजोबा जात. गावात आमचं एकच भारतीय घर. तुमच्या आईची शाळा नुकतीच सुरू झाली होती. पहिल्याच महिन्यात तिला तीन वाढदिवसांची बोलावणी आली.

पुढे आम्ही टेक्सासमध्ये शुगर लँडला राहायला गेलो. दर नाताळात बाईंचं कार्ड येई. अक्षर दरवर्षी मोठं होत गेलं. मग एका वर्षी कार्डाऐवजी पार्सल आलं, त्या टेक्सनकडून. तो आता शाळेत मुलांना खेळ शिकवत होता. 'बाई गेल्या. हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं,' एवढंच लिहिलं होतं.

आत ते स्कोअरबुक होतं. पानामागून पान उलटत गेले. प्रत्येक पानाखाली दोन सह्या. शेवटच्या पानाखाली एकच, त्यांची. शेजारी माझ्या सहीएवढी जागा मोकळी.

वहीच्या घडीत एक नवी पेन्सिल होती, खोडरबर कापलेली. मी तिला टोक काढलं आणि त्या मोकळ्या जागेत माझं पूर्ण नाव लिहिलं.