मामांच्या गाडीचा घसा

उमेळ्यापासून विरारपर्यंत जेवढ्या म्हणून पेट्रोलच्या गाड्या धावतात, त्या सगळ्यांच्या श्वासाची काळजी वाहणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. माझ्या नवऱ्याचे हे मामा मेकॅनिक नव्हेत हो. उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, आता उमेळ्याला घरची वाडी बघतात. केळी, नारळ, कुंपणाशी सोनचाफा. पण माणसाच्या तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केलेली मला आठवत नाही. माझं बाळंतपण झालं तेव्हा कौतुकानं भेटायला आले, बाळाला टोपडं दिलं, आणि पाळण्यावर वाकलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "गाडी स्लोवर बंद पडते का रे तुझी?" पडत होती. झालं! पाळणा राहिला बाजूला आणि मामा-भाचे खाली पार्किंगमध्ये. डिंकाचे लाडू मी खाली पाठवले तेव्हा कुठे वर आले.

इंजिन जिथून हवा आत ओढतं त्या वाटेला मामा 'घसा' म्हणतात. त्या घशात एक पातळ झडप असते, तिच्या कडेला हळूहळू काळी, चिकट काजळी बसते, मग हवा नीट जात नाही आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी थरथरते. हे मला कसं ठाऊक? अहो, या घरात सून म्हणून आले की दुसरं ठाऊक काय होणार! रस्त्यात अनोळखी गाडी शेजारी थरथरताना दिसली की मामा काचेवर टकटक करतात आणि आतल्या माणसाला गंभीरपणे सांगतात, "हिचा घसा धरलाय, दुर्लक्ष करू नका." एका बाईंना वाटलं, हे त्यांच्या मागे बसलेल्या सासूबाईंविषयी बोलताहेत. त्यांनी मनापासून मान डोलावली.

घसा साफ करण्याचं त्यांचं सोवळं मात्र कडक. गाडी आदल्या दिवसापासून थंड पाहिजे. उघड्यावर, मोकळ्या हवेत पाहिजे. बॅटरीची काळी वायर आधी काढायची. काजळी काढायचा स्प्रे चटकन पेट घेणारा, म्हणून तो नळीत फवारत सुटायचं नाही. मऊ फडक्यावर घ्यायचा आणि झडप बाळाचे कान पुसावेत तशी पुसायची. तिला बोटानं जोर लावायचा नाही, सेन्सरच्या वाटेला तर जायचंच नाही. "कार्बन हा जुना भाडेकरू आहे," मामा म्हणतात. "त्याला गोडीगुलाबीनं बाहेर काढायचा. धक्काबुक्की केली की घराचंच नुकसान." काम चालू असताना आजूबाजूला ठिणगी नको म्हणून त्या दिवशी घरातला गॅससुद्धा बंद. स्वयंपाकघर अंगणाच्या पार पलीकडे, तरी बंद! फोडणी नाही, चहा नाही, सगळ्यांनी दहीपोहे खायचे. मामी एकदा चुकून धूप घेऊन अंगणात आल्या तर मामा असे ओरडले की शेजारचे लोक साप निघाला म्हणून काठ्या घेऊन धावले. "घसा गाडीचा साफ होतो," मामी मला म्हणाल्या, "आणि उपास मला घडतो."

आणि एक खास आमच्या वाडीतलं कलम. झडप पुसून झाली की ती वाळेपर्यंत घसा उघडा ठेवावा लागतो, आणि उघड्या घशात धूळ जाता कामा नये. लोक फडकं कोंबतात. मामांना ते मान्य नाही, फडक्याचे धागे सुटतात. ते केळीचं कोवळं पान तोडून आणतात, स्वच्छ पुसतात, त्याची गुंडाळी करतात आणि नळीच्या तोंडात बुचासारखी बसवतात. वाडीवाल्याला हरएक दुखण्यावर केळीचं पान आठवतं, त्याला कोण काय करणार?

आचोळ्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर काहीतरी पाहून चालू इंजिनाच्या घशात पाणी सोडलं. इंजिन जागच्या जागी गेलं. मामांना कळलं तेव्हा ते पांढरा सदरा घालून त्यांच्याकडे भेटायला गेले. अर्धा तास मान खाली घालून बसले. निघताना त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अजून वय नव्हतं हो तिचं."

तर असे हे मामा. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, जुईचं लग्न ठरलं आणि सगळं घर एका प्रश्नावर येऊन अडकलं: नवरी हॉलवर कुठल्या गाडीतून जाणार? मामांची गाडी जुई पहिलीत असताना घेतलेली. तिला शाळेत त्यांनी सोडलं, क्लासला सोडलं, आणि मुंबईला नोकरी लागल्यापासून रोज सकाळी वसई रोड स्टेशनला सोडत आले. बाप-लेकीच्या साऱ्या गप्पा त्या तेवढ्या रस्त्यात व्हायच्या. घरात ती फोनमध्ये आणि हे वाडीत. पण गाडी म्हातारी झाली होती, दर सिग्नलला मान टाकत होती. मुलाकडच्यांनी फुलांनी सजवलेली मोठी गाडी पाठवायचं कबूल केलं. मामांनी सगळ्यांदेखत मान डोलावली. मग मला एकटीला वाडीत गाठून म्हणाले, "सूनबाई, सांगून बघ तिला. एवढी एक खेप माझी राहू दे." त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

मी सांगितलं. जुई म्हणाली, "वहिनी, मलाही तेच पाहिजे गं. पण शालू नेसून मी त्या गाडीला धक्का मारणार नाही हां, आधीच सांगते." शेवटी तोडगा निघाला: मामांनी गाडी चालू करून उभी करायची, मामींनी आत चहा टाकायचा, आणि चहा उकळून गाळून कपात येईपर्यंत गाडी बंद पडली नाही तर नवरी तिच्यातून जाणार. मामांनी दहीपोह्यांचा दिवस पाळला, घसा लख्ख केला, आणि परीक्षा झाली. मामींनी चहाला एक जास्तीची उकळी दिली, तरी गाडी हूं की चूं नाही! मामांनी तो चहा बॉनेटजवळ उभं राहून प्यायला.

लग्नाच्या दिवशी सकाळी जुई शालू नेसून, मुंडावळ्या बांधून मागे बसली. तिच्या एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला मी. मुलाकडची मोठी गाडी फाटकाबाहेर येऊन उभी होतीच. मामांनी रेशमी कुडत्याच्या बाह्या सावरल्या, देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली, एक आचका दिला आणि बंद. पुन्हा फिरवली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. बाहेरच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मेल्याला तेवढ्यातच घाई! मामी म्हणाल्या, "अहो, मुहूर्त टळेल, बसू द्या तिला त्या गाडीत." मामा स्टिअरिंग धरून बसले. मान इतकी खाली गेली होती की मला बघवेना.

"पप्पा," जुई मागून म्हणाली, "काल हळदीला तुम्हाला हाका मारत होतो, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. सहज उघडून बघत होतो, पुन्हा काजळी धरली नाही ना ते."

"आणि तोंड कशानं झाकलं होतं?"

मामांनी मांडवाच्या दाराशी बांधलेल्या केळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हळदीची हाक आली तशी ह्यांनी घाईघाईनं नळी लावून टाकली होती. पान आतच!

मग काय विचारता! बॉनेट उघडलं. जुई शालूचा पदर खोचून पुढे झाली. मामा ओरडले, "थांब! पाटल्या काढ आधी. बॅटरीजवळ सोनं नको." तिनं सोन्याच्या पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. "आता काळी वायर." मामी कळवळून म्हणाल्या, "अहो, मुहूर्त!" मामा म्हणाले, "मुहूर्त गुरुजी दुसरा काढून देतील, पोरीचं बोट कोण देणार?" वायर निघाली, नळी निघाली, पण घाईत मामांची बोटं गुंडाळीवरून सारखी निसटत होती. जुईनं त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि मेंदीच्या बोटांनी ती गुंडाळी ओढून काढली.

"अख्खं आहे का बघ! तुकडा आत राहिला तर घात होईल."

तिनं पान बॉनेटवर पसरलं, कडा जुळवून पाहिल्या. "अख्खं आहे, पप्पा. चला."

नळी आणि वायर पुन्हा जागेवर बसवली आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मोठी गाडी आमच्या मागून रिकामी आली, आणि मुहूर्ताच्या आधी आम्ही हॉलवर होतो. संध्याकाळी जुई रडली, मामी रडल्या, मीही रडले. मामा पाहुण्यांना पाणी विचारत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमेळ्यालाच होते. आमची गाडी घेऊन नवरा रात्रीच मुलाला घेऊन विरारला गेला होता. चहाचा कप घेऊन अंगणात आले तर मामा गाडीत बसलेले, गाडी चालू. जुईची स्टेशनची वेळ. गाडी इतकी शांत की उभ्या जागी चालू आहे हेही कळू नये.

"सुंदर चाललीय गं," ते म्हणाले. "पण आता जायचं कुठं?"

मी कप ओट्यावर ठेवला, पर्स आणली आणि शेजारी बसले. "मला विरारला सोडा."

निघालो. आचोळं मागे पडलं तरी मामा गप्प. शेजारून एक गाडी थरथरत, धापा टाकत गेली, त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं या माणसाच्या व्याख्यानांना मी कंटाळले होते, तोंड चुकवून पळाले होते, पण खरं सांगते, ती शांतता मला सोसवेना.

"मामा," मी म्हटलं, "हा कार्बन मुळात साठतो तरी कसा हो?"

त्यांनी वेग कमी करून गाडी नीट बाजूला घेतली, चष्मा काढून रुमालानं डोळे पुसले, तो पुन्हा चढवला आणि माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग म्हणाले, "त्याचं असं आहे बघ, सूनबाई..."