गोलातल्या सह्या

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी आई नेहमी म्हणायची. त्यात मी भित्री. या दोन गोष्टी एकाच बाईत आल्या की काय होतं, ते मी चांगलं बघितलंय.

आमचे हे मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होते. अंबरनाथच्या दोन खोल्यांत मी आणि सासरे. सासरे ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, अर्धं आयुष्य युनियनच्या कामात घालवलेले. मी त्यांना बाबा म्हणते. तेव्हा घरात मोबाईल एकच होता, तोही बाबांच्या खिशात. तो वाजला की हातातलं काम टाकून मी धावायची.

एके दुपारी यांचा फोन आला, युरोपातल्या कुठल्याशा थंड बंदरातून. आवाज दबका. म्हणाले, "लाइफबोटीचे हूक पार गंजलेत. बोट खाली सोडायची वेळ आली तर अर्ध्यातच तुटून पडेल. पुढे वादळी समुद्र आहे, आणि कॅप्टन म्हणतो तसंच निघायचं. आम्ही अठरा जणांनी इथल्या गोदी कामगारांच्या युनियनला पत्र दिलंय, लिहिलंय मी. सह्या गोलात केल्यात. कुणाला बोलू नकोस."

गोलात सह्या म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मला एवढंच कळलं, की जहाज निघालं तर हे बुडणार आणि नाही निघालं तर नोकरी बुडणार. संध्याकाळी विहारात त्रिशरण म्हणताना मी मध्येच शब्द विसरले. जन्मापासून पाठ असलेले शब्द!

दुसऱ्या दिवशी भाजीला जाते सांगून मी रिक्षा पकडली आणि उल्हासनगरला एजंटच्या ऑफिसात गेले. यांना जहाजावर लावणारा तोच. दरवर्षी मी त्याच्या घरी करंज्या पाठवायची, म्हणजे आपला माणूस असं मी धरून चाललेली. त्याने चहा मागवला.

"अरे भाभी, टेन्शन कशाला घेता? पत्राचं समजलंय आम्हाला. आपल्या भाऊंचा त्यात हात नाही ना?"

"छे हो! यांनी नुसतं लिहून दिलं. अक्षर चांगलं आहे ना त्यांचं. डोकं बाकीच्यांचं. तुम्ही जरा सांभाळून घ्या."

त्याने मान डोलावली आणि पॅडवर काहीतरी लिहिलं. मी परत येताना खरंच भाजी घेऊन आले. केवढी हुशार बाई!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. कॅप्टनने यांना एकट्याला बोलावून सांगितलं होतं, सामान बांध, उद्या दुपारी गाडी येईल, विमानाने घरी जा. म्हणजे ब्लॅकलिस्ट. पुन्हा कुठलंच जहाज नाही. "पत्र मी लिहिलं हे त्याला कळलं कसं?" हे विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं, तेही नको तेव्हा.

बाबांना मात्र सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहीचं पान घेतलं आणि पेनने एक गोल काढला. "नावं अशी गोल फिरवून लिहितात. का, तर पहिला कोण आणि शेवटचा कोण हे मालकाला कळू नये. म्हणजे एकट्याला उचलता येत नाही." मग चष्मा पुसत बसले. त्या गोलाकडे मला बघवेना.

दोन तासांत आम्ही मुंबईला जहाजी कामगारांच्या युनियनच्या ऑफिसात होतो. तिथल्या माणसाने आमच्यासमोर परदेशात फोन लावला. पलीकडे एक बाई होती, त्या बंदराच्या युनियनची. तिचं बोलणं मला समजत नव्हतं, मी नुसती समोरच्या माणसाचा चेहरा वाचत होते. फोन ठेवून तो म्हणाला, "सकाळच्या पाळीला गोदी कामगार ठरवतील. आपल्या हातात आता काही नाही."

जे लोक यांना ओळखत नाहीत, ज्यांना अंबरनाथ कुठे आहे हे माहीत नाही, ते का म्हणून आपलं काम थांबवतील? घरी आल्यावर मी हेच विचारत राहिले. बाबा म्हणाले, "आम्ही पण थांबवायचो." मला धीर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, चार वाजले, फोन नाही. हे विमानात बसले, हेच मी मनात धरलं होतं.

सहाला फोन वाजला. "क्रेन बंद आहेत," हे म्हणाले. "सगळे गोदीवाले शिडीजवळ उभे आहेत. मला न्यायला आलेली गाडी त्यांनी परत पाठवली. हूक बदलल्याशिवाय माल उतरणार नाही, आणि कुणाला काढायचं नाही, असं सांगितलंय." मी जमिनीवर बसून रडले.

हूक बदलले. हे चार महिन्यांनी, करार संपवून घरी आले. जेवणं झाल्यावर पत्राची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. आत अठरा नावांचा गोल. त्याच्या बाहेर जाड पेनने दुसरा मोठा गोल, गोदी कामगारांच्या सह्यांचा. "आता दाखव बघू, पहिला कोण?" हे हसत होते.

आतल्या गोलात एक नाव खोडलेलं होतं.

"हा मेसमधला फिलिपिनो. माझ्याच केबिनमध्ये असायचा. कॅप्टनला चहा न्यायचा, पत्र मी लिहिलं हे त्यानेच सांगितलं असणार. चार महिने कुणी त्याच्याशी बोललं नाही. एकटा जेवायचा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेले. "मी एजंटकडे गेले होते," मी म्हणाले. "मी सांगितलं त्याला."

यांनी त्या खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. मग खिशातली डायरी काढून एक नंबर दाबला आणि फोन माझ्या हातात दिला. "माझ्याच्याने नाही होणार. तूच बोल."

तो फिलिपिनोही त्याच आठवड्यात त्याच्या घरी पोचला होता. पलीकडे लहान मुलांचा दंगा ऐकू येत होता. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी कशीबशी म्हणाले, "आय वाइफ. आय टोल्ड एजंट. नॉट यू."

त्याने मुलांना दटावून गप्प केलं. मग त्याने विचारलं, "युवर हजबंड, ही रीच होम सेफ?"