दोन वंशावळींचा एक तक्ता

माझा साखरपुडा झाल्यावर थोड्याच दिवसांत काकांनी तो तक्ता ओसरीवर पसरला. साल सत्तरच्या अलीकडचं असेल.

काका म्हणजे माझे थोरले चुलते. शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली होती. आजीच्या अस्थी घेऊन ते नाशिकला गेले, तेव्हा तिथल्या तीर्थोपाध्यायांनी त्यांच्या जुन्या वहीतल्या आमच्या नोंदी एका कागदावर उतरवून दिल्या. कागद मोडीत होता. मोडी वाचणारी माणसं संपत चालली, तेव्हा हे सगळं बाळबोधीत आणून ठेवायचं, असं काकांनी मनावर घेतलं. जाड कागदावर पट्टीनं रेघा मारून त्यांनी रकाने पाडले: नाव, बापाचं नाव, मूळ गाव, मुलं.

माझं सासर ठरलं होतं खालापूरकडचं. मुलगा खोपोलीला कारखान्यात होता. साखरपुड्याच्या पंगतीत त्याच्या चुलत्यांनी सहज सांगितलं, की आमच्याकडंही नाशिकचा असाच एक कागद आहे. काकांचे डोळे चमकले. "द्या मला," ते म्हणाले. "आता सोयरीक झाली. दोन्ही घरं एकाच तक्त्यावर आणतो." त्या माणसानं आठवड्याच्या आत कागद पोचता केला.

त्या दिवशी दुपारी मी आत तांदूळ निवडत होते. काकांनी बाबांना हाक मारली, पण नेहमीसारखी मोठ्यानं नाही.

"हे बघ. हे आपले खापरपणजोबा. आणि हे त्यांचे. नाव तेच. बापाचं नाव तेच. मूळ गावही तेच."

"म्हंजी?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे माणूस एकच. आपली नि त्यांची भाऊकी निघते." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पोरीला तो भाऊ लागतो."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आई चुलीपुढून उठून दारात आली, आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. मी काहीतरी केलं असावं, अशी.

आडनावं वेगळी होती, पण त्याचा आधार कुणालाच वाटेना. आमच्याकडं घराणं एका गावातून उठून दुसऱ्या गावात गेलं, की आडनाव बदलायचं. आमचंही तसंच बदललेलं होतं. देवक दोन्हीकडं पंचपालवी, पाच झाडांच्या पानांचं, पण ते तर निम्म्या तालुक्याचं. जे आधी किरकोळ वाटलं होतं, तेच आता पुरावा होऊन बसलं.

"कुणाला बोलू नगा," आई म्हणाली. "पोरीचं नाव खराब हुईल."

पण सांगणं भाग होतं. बाबा दुसऱ्या दिवशी खालापूरला जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पायही न धुता ते बराच वेळ अंगणात बसून राहिले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रात्री अंथरुणावर पडले, की साखरपुड्याला त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला तो क्षण आठवायचा. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली होती आणि मला बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचीच भीती वाटू लागली. आपण नकळत पाप केलं की काय? दिवसा कामात असले तरी मी सारखा पदराला हात पुसायची.

मग एक दिवस त्याची आई आली. एकटीच, आमच्या जवळच्या कशेळ्याला एसटीतून उतरून उन्हातून चालत. आईनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. मला पुढ्यात बसायला सांगितलं आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"नाक बगा," ती आईला म्हणाली. "आमच्या थोरल्या नंदेवानी हाय. साखरपुड्याला कसं दिसलं नाय मला?"

त्या बाईच्या डोळ्यांत राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती, आणि तिचे हात थंड पडले होते. उठताना ती पुटपुटली, "आमच्या शेजारच्या गावात झालं होतं असं. पोरं झाली, पन एकालाबी ऐकू येत नाय, बोलता येत नाय." आणि गेली.

मी आरसा घेऊन बसले. माझं नाक, माझ्या भुवया. त्याच्या भुवया मला नीट आठवतही नव्हत्या, तरी बघता बघता माझ्याच तोंडात मला तो दिसायला लागला. मी आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला.

रविवारी तो आला. सायकल बांधाला टेकवून उभा राहिला. बाबांशी बोलताना त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. पण मी पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा हळूच म्हणाला, "घाबरलीस?"

"तुमी?"

"मी पन." तांब्या तसाच हातात धरून तो म्हणाला, "आईनं घरात तुजं नाव काढणं बंद केलंय. कोनाची तरी पोर, असं म्हनती."

तो गेल्यावर मी ओसरीवर गेले. काका तक्त्यापुढं बसले होते. त्यांना कुणी उलट विचारत नसे. घरात शिकलेले तेवढेच. मी आठवीपर्यंत शाळेत गेलेली, मोडीचं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं. पण खालापूरकरांचा कागद आणि आमचा कागद शेजारी ठेवलेले होते. काकांनी मूळ पुरुषाच्या नावाखाली दोन्हीकडं बारीक खूण केली होती, तेवढ्यावरून ओळी कळत होत्या. आमची ओळ आखूड होती. त्यांची ओळ पार कागदाच्या घडीपर्यंत जाऊन पुढं गेली होती.

"काका, माणूस एकच, तर ही ओळ एवढी लांब का?"

"पुढचं कामाचं नाही."

"काय हाय पण ते?"

काकांनी चष्मा पुसला. घडीवरची शाई उडाली होती. "पुढं 'गंगे' असं वाचता येतं. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेवर विधी केला, असं काहीतरी असेल. त्याला तक्त्यात रकाना नाही, म्हणून सोडलं."

"आणि घडीवर काय हाय?"

त्यांनी कागद उजेडाकडं धरला, तिरका धरला, पुन्हा खाली ठेवला. तेव्हा मला कळलं की काकाही घाबरलेत. आतापर्यंत निदान एक माणूस तरी खात्रीनं बोलत होता.

"मला लागत नाही," ते म्हणाले. "नाशिकलाच जावं लागेल."

बाबा, काका आणि तो, असे तिघं गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले होते, पण आले नाहीत. आईनं देवापुढं दिवा तेवत ठेवला. शेजारच्या बायका लग्नाच्या पापडांचं विचारायला आल्या, तेव्हा आई म्हणाली, उडीद मिळाले नाहीत. ती खोटं बोलायची नाही कधी.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते वाटेवर दिसले. बाबा पुढं होते, आणि हसत नव्हते. मी खांब धरून उभी राहिले. बाबांनी अंगणात येऊन पाणी मागितलं, सावकाश प्यायले, आणि मग म्हणाले, "येगळी हायेत गं. गावं येगळी हायेत."

आईनं तिथंच बसकण मारली.

काकांनी सांगितलं. उपाध्यायांच्या वहीत सगळं धड होतं. घडीवरची अक्षरं जुळवली तर शब्द होते 'पाताळगंगेच्या कडेचं'. एकाच नावाची दोन गावं, एक आमच्या बाजूचं, दुसरं तिकडं खालापूरच्या बाजूला, पाताळगंगा नदीवर. तिथं त्याच नावाच्या, पण वेगळ्याच बापाच्या पोटी, त्याच नावाचा वेगळा माणूस जन्मलेला. काकांच्या तक्त्यात गाव होतं, पण गाव कुठलं ते लिहायला जागा नव्हती, आणि तेवढ्यानं दोन माणसांचा एक झाला.

"मग आता काय शंका नाय ना?" आईनं विचारलं.

काका म्हणाले, "मीही हेच विचारलं. उपाध्याय म्हणाले, वही सांगते ते मी सांगतो. त्याच्या मागचं मला ठाऊक नाही."

ते वाक्य त्यांनी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं, मांडवात सगळी हसत होती, पण ते वाक्य माझ्याबरोबर सासरी आलं. मला दिवस गेल्यावर तर रोज आठवायचं. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणायचे, "वहीनं सांगितलं ना? झालं मग." पण म्हणताना माझ्याकडं बघायचे नाहीत.

मुलगा झाला. दिसायला धडधाकट, रडायचाही जोरात. तरी बाळंतपणाच्या खोलीत कुणी नसलं, की मी त्याच्या डोक्यामागं हळूच टाळी वाजवून बघायची. एकदा वळायचा, एकदा नाही. न वळला की माझा जीव जायचा.

एका सकाळी मला डुलकी लागली होती. भांडं पडल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर सासूबाई बाळाच्या अंथरुणामागं उभ्या होत्या, पायाशी पितळी परात, आणि बाळ दचकून हात उडवत रडत होतं. परात त्यांच्या हातून सुटली नव्हती. त्यांनी टाकली होती. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो.

"तू पन बगतीस ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मग बाळाला उचलून त्यांनी माझ्याजवळ दिलं. "ऐकतंय गं," त्या म्हणाल्या. "चांगलं ऐकतंय."

बारशाला काका आले, पण अंगणातच थांबले. बायका हाका मारत होत्या तरी आत येईनात. शेवटी हे बाहेर गेले आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले. काकांनी बाळाला मांडीवर घेतलं. नाव काय ठेवलं ते विचारलं, आम्ही सांगितलं, आणि त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.